दुबईतला गोरज मुहूर्त

लग्नाचा माझा स्वतःचा अनुभव म्हणजे सांगलीतलं एक मंगल कार्यालय, जिलबीच्या दोन पंगती आणि संध्याकाळी पाचच्या आत रिकामा करून द्यायचा हॉल. तेवढ्या शिदोरीवर मी दुबईतल्या समुद्रकाठच्या एका बड्या हॉटेलात लोकांचे समारंभ पार पाडायची नोकरी करत होते. नवऱ्याच्या मागोमाग पंच्याण्णवच्या सुमारास तिकडे गेले होते. तो एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत इंजिनिअर. दुबईच्या करामा भागात दोन खोल्यांचा फ्लॅट होता आणि शाळेतून आल्यावर मराठी प्रश्नांना इंग्लिश उत्तरं देणारी एक मुलगी. मला टायपिंग चांगलं यायचं म्हणून हॉटेलात सेक्रेटरी झाले आणि सात-आठ वर्षांत बँक्वेट विभागात कोऑर्डिनेटर. कंपन्यांचे लंच, औषधवाल्यांच्या कॉन्फरन्स, कधी एखादं सिंधी नाहीतर गुजराती लग्न. तेही माझ्या वरच्या माणसांच्या हातात. मी खुर्च्या मोजायचे आणि टेबलक्लॉथचे रंग जुळवायचे.

माझा बॉस लेबनॉनचा होता. गोरा, टकला, सदा घाईत. दोन हजार तीनच्या एप्रिलमध्ये तो माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "हबीबती, इंडियाहून एक पार्टी आलीय. तुझी भाषा बोलतात. हे लग्न तुझं. यल्ला, लाग कामाला!"

मी लॉबीत गेले. सोफ्याच्या अगदी कडेला एक धिप्पाड गृहस्थ बसले होते, मांडीवर रेक्झिनची बॅग. शेजारी त्यांची बायको, आणि थोडं पलीकडे काचेला नाक लावून समुद्राकडे बघणारी मुलगी. मी मराठीत "नमस्कार" म्हटल्याबरोबर गृहस्थ उभेच राहिले.

"मराठी? कुठल्या तुम्ही?"

"सांगलीची."

"आवो, मग आपल्याच की!" ते बायकोकडे वळून म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं, कुणीतरी भेटंल म्हणून?"

कोल्हापुरात त्यांची फौंड्री होती. सोळाव्या वर्षी दुसऱ्याच्या फौंड्रीत साचे भरायला लागले आणि आता स्वतःच्या तीन भट्ट्या, हे त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं, पण बढाई म्हणून नाही. आपण इथे शोभतो की नाही याची त्यांना थोडी शंका होती आणि ते स्वतःलाच समजावत होते. होणारा जावई अबुधाबीचा, त्याचे वडील पंचवीस वर्षं तिथल्या तेलकंपनीत. दोन्हीकडच्या मंडळींना सोयीचं म्हणून दुबई, असं ते म्हणाले. मग आवाज उतरवून खरं कारण सांगितलं.

"पोरगी लहानपणापासून काही मागत नाही ओ. एकदाच म्हणाली, बाबा, लग्न समुद्रासमोर लावा. मग ठरवलं, लावायचं तर असं लावायचं की चार जिल्ह्यांत नाव निघालं पाहिजे."

एकशे ऐंशी पाहुणे. तीन दिवस. हळद बागेत, सीमांतपूजन बॉलरूममध्ये आणि लग्न थेट वाळूवर, उघड्या आकाशाखाली. मी सगळं लिहून घेत होते. मग विचारलं, "काका, तारीख?"

"मे महिन्याची अखेर. मुहूर्त बारा सत्तावीस."

"रात्रीचा?"

"छे, दुपारचा."

माझं पेन थांबलं. एप्रिलातही दुपारी बारानंतर त्या वाळूवर आमचे टॉवेलवाले बूट घालून धावत जायचे. मी ते सांगितलं. काका हसले. "ताई, मी चौदाशे डिग्रीच्या लोखंडासमोर उभा राहिलेला माणूस आहे."

"पण पाहुणे नाहीत ना राहिलेले," त्यांची बायको म्हणाली. तोवर ती एक शब्दही बोलली नव्हती.

काकांना ते पटेना. घड्याळात साडेबारा वाजत आले होते. ते म्हणाले, चला, बघूच या. आम्ही चौघं बाहेर आलो. हॉटेलचं काचेचं दार सरकलं आणि भट्टीचं तोंड उघडावं तशी हवा अंगावर आली. मुलगी सावलीत थांबली. काका मात्र तरातरा वाळूवर गेले, चपला काढल्या, कारण बोहल्यावर चपला घालून कोण उभं राहतं, आणि पूर्वेला तोंड करून हात जोडून उभे राहिले. जणू समोर अंतरपाट धरला आहे. मी घड्याळ लावलं. पहिलं मिनिट बरं गेलं. दुसऱ्या मिनिटाला ते एका पायावरून दुसऱ्या पायावर भार द्यायला लागले. तिसऱ्याला त्यांनी पाय आलटून पालटून उचलायला सुरुवात केली आणि लांबून ते अगदी लेझीम खेळल्यासारखं दिसायला लागलं. मुलगी हसायला लागली, मग आई, आणि मला नोकरीची भीती असूनही आवरेना.

"बाबा, या आत!" मुलगी ओरडली. "एक मंगलाष्टक तरी झालं का?"

काका पळत आले, संगमरवरी फरशीवर उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, लिंबू सरबत मिळंल का इथं?"

बर्फात ठेवलेल्या टॉवेलांवर पाय ठेवून त्यांनी कोल्हापूरला गुरुजींना फोन लावला. हॉटेलातून भारतात फोन म्हणजे मिनिटाला किती दिरहम, त्याचे किती रुपये हे त्यांनी एकदा मोठ्यांदा मोजलं आणि सोडून दिलं. मग म्हणाले, "गुरुजी, दुबई दीड तास मागं आहे. म्हणजे दहा सत्तावन्नला लावलं तर चालंल?"

पलीकडून गुरुजींचा आवाज मलाही ऐकू आला. "मुहूर्त म्हणजे काय विमानाचं टायमिंग आहे का, दीड तास वजा करायला? मुहूर्त त्या गावच्या सूर्यावर असतो. तुमच्या दुबईतसुद्धा तो भर दुपारीच पडणार."

काकांनी फोन कानापासून दूर धरला आणि माझ्याकडे हताशपणे पाहिलं. समुद्र की मुहूर्त, असा तो प्रश्न होता. बॉलरूममध्ये ए.सी.त लावायचं तर मग कोल्हापूरच्या कार्यालयाने काय घोडं मारलं होतं? तेव्हा मुलीची आई म्हणाली, "गोरज मुहूर्तावर लावतात की. माझ्या बहिणीचं लागलं होतं."

गोरज म्हणजे सूर्यास्ताची वेळ. गाई रानातून घरी परततात, त्यांच्या खुरांची धूळ उडते, तेव्हाचा मुहूर्त. काकांनी तेच फोनवर विचारलं. गुरुजी म्हणाले, उत्तम. "फक्त मला त्या दिवसाचा तिथला सूर्यास्त कळवा. मिनिटासकट. माझं गणित ताडून बघेन."

ही जबाबदारी माझ्यावर आली. मी आधी हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला विचारलं. तिथली मुलगी म्हणाली, "अराउंड सेव्हन, मॅम." अराउंडवर गुरुजी लग्न लावणार नव्हते. इंटरनेटवर बघायला गेले तर आमच्या ऑफिसचं कनेक्शन त्या दिवशी रुसलेलं. शेवटी मेन्यूचं बोलायला किचनमध्ये गेले तेव्हा चाचांना सहज सांगितलं.

चाचा म्हणजे आमच्या भारतीय किचनचे मुख्य. रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धनकडचे, वीस वर्षं आखातात काढलेले. पांढरी दाढी, डोक्यावर शेफची उंच टोपी आणि तोंडात आमच्याहून चोख मराठी. ते अळूवडीच्या पानांवरून हात फिरवत होते. माझं ऐकून म्हणाले, "बाई, तुम्ही सूर्यास्तासाठी साऱ्या हॉटेलभर फिरलात आणि माझ्याकडं सगळ्यात शेवटी आलात?"

त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेलं एक छापील कार्ड काढून माझ्या हातात दिलं. वर्षभराच्या नमाजाच्या वेळा. रोजच्या पाच. "ही मगरीबची ओळ बघा. सूर्य बुडला की मगरीब. साऱ्या वर्षाचे सूर्यास्त आहेत यात. पाठवा तुमच्या भटजींना."

मी ते कार्ड फॅक्सवर घातलं. तासाभराने गुरुजींचा फोन आला, या वेळी त्यांच्या खर्चाने. "हे गणित कुणी केलंय हो? माझ्या आकड्यापेक्षा दोनच मिनिटांचा फरक आहे. चोख माणूस आहे." मी म्हटलं, "गुरुजी, मशिदीचं कार्ड आहे." ते हसले. "सूर्य एकच आहे ना बाई, मग आकडा वेगळा कसा येईल?"

पण चाचांनी दुसऱ्या दिवशी मला पुन्हा बोलावून घेतलं. "एक गोष्ट लक्षात ठेवा. त्याच मिनिटाला बांग होणार. शेजारीच मशीद आहे. तेव्हा हॉटेलात कुठलाही स्पीकर चालत नाही. सनई नाही, ढोल नाही, माइक नाही."

हॉटेलचा तो नियम मला माहीत होता, पण दोन्ही गोष्टी जोडून पाहिल्या नव्हत्या. गुरुजींनी तोडगा काढला. गोरज म्हणजे काही एकच मिनिट नव्हे. सूर्यास्ताच्या थोडं अलीकडे, थोडं पलीकडे, असा चांगला वीस-पंचवीस मिनिटांचा काळ असतो. मंगलाष्टकं लवकर सुरू करायची आणि अजानच्या पाच मिनिटं आधी अक्षता. मी बॉससाठी मिनिटामिनिटाचा तक्ता टाइप केला. तो वाचून म्हणाला, "ब्यूटिफुल. पण हे तांदूळ का फेकतात? आणि स्विमिंग पूलच्या किती लांब?" त्याला फक्त पूलच्या फिल्टरची काळजी होती.

पुढचे पाच आठवडे मी जगले ते त्या लग्नासाठी. पाहुण्यांच्या व्हिसासाठी पासपोर्टांच्या झेरॉक्सचे गठ्ठे यायचे. फॅक्सवर सगळ्यांचे चेहरे काळे ठिक्कर दिसायचे आणि मला रात्रीच्या जेवणात नवऱ्याला ते चेहरे वाचून दाखवायची सवय लागली: हे बहुतेक नवरीचे मामा, हे नक्की गुरुजी. आंब्याचे डहाळे बरदुबईच्या फुलवाल्याने आणले. चाचांनी मसालेभाताचा चार वेळा नमुना केला. चौथ्यांदा मी घास घेतला आणि डोळे मिटले. ते म्हणाले, "बस. तेच बघायचं होतं मला." वाळूवर मांडव घालणाऱ्या केरळी कारागिरांना मी चित्र काढून चौरंग, पाट आणि अंतरपाट समजावला. पडदा कशाला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नवरा-नवरीने एकमेकांना बघू नये म्हणून. त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, "लेकिन मॅडम, ये लोग तो साथ में मॉल घूम रहे थे."

लग्नाच्या तीन दिवस आधी पहिलं विमान उतरलं आणि त्यातून आक्का आल्या. आक्का म्हणजे काकांच्या थोरल्या बहीण. नऊवारी, हातात जाड पाटल्या आणि पर्समध्ये घडी केलेला फुलस्केप कागद. त्यांनी स्वतः मंगलाष्टक रचलं होतं. मी धसका घेऊनच विचारलं, "आक्का, कडवी किती आहेत?"

"अकरा. पण मी भराभर म्हणते."

मी तक्ता पुढे केला. एकेकाला दोन मिनिटं. त्यांनी तो चष्म्यातून वाचला, परत दिला आणि म्हणाल्या, "बाळ, हे मशीनला लाव."

मी काकांकडे गेले. ते म्हणाले, "फौंड्रीत अडीचशे माणसं माझं ऐकतात. आक्काला काही सांगायचं म्हणजे..." आणि त्यांनी कानाला हात लावला.

लग्नाच्या दिवशी दुपारपासून वारा सुटला. वाळवंटाकडून येणारा, बारीक पिवळी धूळ घेऊन येणारा. समुद्र दिसेनासा झाला. मांडवाच्या फुलांच्या माळा आडव्या उडायला लागल्या. बॉस कपाळाला हात लावून म्हणाला, "खलास! आत न्या सगळं." बॉलरूम तयारच होती, तिथे फक्त खुर्च्या फिरवायच्या होत्या. मी काकांकडे जाऊन तेच सांगणार होते. ते मांडवात एकटे उभे होते, फेट्याचं टोक वाऱ्याने फडफडत होतं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "काय ओ ताई, समुद्रच गेला की."

तेवढ्यात गुरुजी बाहेर आले. उपरणं डोक्याला गुंडाळलेलं, डोळे बारीक केलेले. आकाशाकडे बघून ते एकदम खूश झाले. "अहो, याला काय म्हणतात? गोरज! नुसता मुहूर्त काढून काय होतं, धूळ नको? गाई नसतील, पण रज तर आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "थांबा तासभर. संध्याकाळी वारा पडतो. समुद्रकाठी नेहमी पडतो."

मी बॉसला म्हटलं, एक तास. इतक्या वर्षांत मी त्याला कधी उलट बोलले नव्हते. "इन्शाल्ला," तो म्हणाला, आणि स्वतः मांडवाच्या दोऱ्या घट्ट करायला गेला.

सहाच्या सुमाराला वारा खरंच मंदावला. धूळ पूर्ण गेली नव्हती, हवेत तरंगत राहिली होती आणि तिच्यातून सूर्य तांब्याच्या ताटासारखा खाली येत होता. समुद्र पुन्हा दिसायला लागला, राखाडी-सोनेरी. पाहुणे केस झटकत, साड्या सावरत येऊन बसले. मुलगी मामाच्या हाताला धरून आली, हिरवा चुडा, पिवळी साडी, आणि समुद्र बघून तिने आधी वडिलांकडे पाहिलं. काकांनी नुसती मान हलवली.

मंगलाष्टकं सुरू झाली. गुरुजींचं पहिलं. मामांचं. वराकडच्या एका काकूंचं, छान सुरातलं. मग आक्का उभ्या राहिल्या. पहिल्या कडव्यात गणपती, दुसऱ्यात अंबाबाई, तिसऱ्यात फौंड्रीची स्थापना. मी घड्याळ बघत होते. चौथ्यात नवरीचं बालपण, पाचव्यात इंजिनिअरिंग कॉलेज. त्या भराभर अजिबात म्हणत नव्हत्या. सहाव्यात दुबई आली, वाळूचे कण मोत्यांसारखे झाले आणि लोक हसले, टाळ्या वाजल्या. साऊंडवाला माझ्याकडे बघत होता. बॉस हॉटेलच्या दारातून हातवारे करत होता. मी आक्कांकडे दोन पावलं टाकली आणि थांबले, कारण त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि सूर मात्र हलला नव्हता.

सातव्या कडव्याच्या मध्यावर शेजारून अजान सुरू झाली.

साऊंडवाल्याने माइक बंद केला. आक्का थांबल्या. मला वाटलं होतं, कुणीतरी कुजबुजेल, कुणीतरी विचारेल काय झालं म्हणून. पण कोल्हापूरच्या त्या भाषणप्रिय आक्कांनी कागदाची घडी केली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्या हात जोडून उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे बघून बाकीचेही गप्प झाले. एकशे ऐंशी माणसं मुठीत अक्षता धरून स्तब्ध. फक्त समुद्राचा आवाज आणि ती लांब, चढत जाणारी हाक. किचनच्या मागच्या दाराशी चाचा टोपी काढून उभे होते. मग ते वळून आत नमाजाला गेले.

अंतरपाट धरणारी दोन मुलं दमली होती. त्यांचे हात हळूहळू खाली येत होते आणि उरलेल्या झुळकीने कापडाचं एक टोक उचललं. पलीकडचा नवरा दिसला, धुळीने पांढऱ्या झालेल्या भुवयांचा. अलीकडे नवरी, तिच्याही भुवया पांढऱ्या. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघांनाही एकदम हसू फुटलं. आवाज करता येत नव्हता, म्हणून ते तोंड दाबून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिले. त्यांचं हसू बघून काका हसले, काकू हसल्या, पहिल्या रांगेतले सगळे आवाज न करता हसायला लागले. मी इतकं शांत आणि इतकं आनंदी काही आयुष्यात पाहिलेलं नाही.

अजान संपली. सूर्य गेला होता, पण आकाश अजून तांबूस होतं. गुरुजींनी घड्याळ पाहिलं, आक्कांकडे पाहिलं. आक्का म्हणाल्या, "लावा आता. उरलेलं मी जेवताना म्हणेन." आणि माइकशिवाय, नुसत्या छातीच्या जोरावर गुरुजींनी "शुभमंगल सावधान" म्हटलं. अंतरपाट खाली गेला. अक्षता उडाल्या. त्यानंतर ताशांचा जो कडकडाट झाला त्याने वाळूतले खेकडेसुद्धा पळाले असतील.

होमाच्या वेळी हॉटेलचा फिलिपिनो सेफ्टी ऑफिसर हातात आग विझवायचा लाल सिलिंडर घेऊन अग्नीपासून तीन फुटांवर उभा होता. गुरुजींनी त्याच्याही हातावर अक्षता ठेवल्या. त्याने सिलिंडर खाली ठेवून त्या टाकल्या आणि पुन्हा सिलिंडर उचलला. जेवणात चाचांच्या मसालेभाताचं दुसरं पातेलं लावावं लागलं. आक्कांनी उरलेली कडवी खरंच म्हटली, आणि माझा लेबनानी बॉस पहिल्या टेबलाशी बसून चुकीच्या जागी टाळ्या वाजवत होता.

दुसऱ्या दिवशी मी सकाळी साडेसहाला आले, पाहुण्यांच्या बसेस बघायला. बागेतून जाताना किनाऱ्यावर दोन बायका दिसल्या. नवरी आणि तिची आई. साड्या गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उभ्या, लाट आली की एकमेकींचा हात धरून किंचाळणाऱ्या. नवरीने मला पाहिलं आणि हात केला. "ताई, या ना!"

"मी ड्युटीवर आहे," मी म्हटलं.

"आम्हीपण," तिची आई म्हणाली. "नऊ वाजता सासरी पाठवणी आहे. या लवकर."

इतकी वर्षं त्या समुद्राच्या काठी नोकरी केली. तो खिडकीतून लोकांना दाखवला, त्याचं भाडं सांगितलं, त्याच्यासमोर खुर्च्या मांडल्या. पण ऑफिसच्या कपड्यांत कधी त्यात पाऊल टाकलं नव्हतं. मी इकडेतिकडे पाहिलं. मग सँडल काढून हातात घेतल्या, पँट वर दुमडली आणि पळत गेले. पाणी कोमट होतं. काकूंनी माझा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "मोठी येतीय बघ, उडी मार!" आणि आम्ही तिघींनी उडी मारली.